परदेशी निघालेल्या मुलाचे बँक खाते



मागच्या वर्षी लग्नसराईच्या दिवसांत आपल्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील कार्यालयात आले. हातात कागदांची पिशवी, चेहरा उतरलेला. मुलगा चार वर्षांपूर्वी कतारला नोकरीस गेला. कॉलेजात असताना उघडलेल्या बचत खात्यातच तो दरमहा पगारातील पैसे पाठवी, आणि पैसे साठले की त्यातून मुदत ठेव करी. धाकट्या मुलीचे लग्न ठरले म्हणून वडील ठेव मोडायला बँकेत गेले. तिथे त्यांना दोन गोष्टी सांगण्यात आल्या. एक, ठेव मुलाच्या एकट्याच्या नावावर असल्यामुळे वडिलांच्या सहीने ती मोडता येत नाही. दुसरी, मुलगा परदेशी नोकरीस आहे हे बँकेला कळवलेलेच नाही. आधी खाते अनिवासी करून घ्यावे लागेल. लग्न पंधरा दिवसांवर आले होते.

बँकेच्या अधिकाऱ्याचे काही चुकले नव्हते. चूक मुलाची म्हणावी तर त्यालाही कोणी सांगितले नव्हते. आपण शाळेत सरळव्याज शिकवतो, चक्रवाढव्याज शिकवतो, धनादेश कसा लिहावा हेही शिकवतो. पण ज्या तालुक्यातून इतकी मुले परदेशी जातात, तिथे परदेशी जाणाऱ्याने बँकेत काय करावे हे मात्र शिकवत नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या, तेव्हा शिरगावातून आणि आसपासच्या गावांतून किती तरुण आखातात गेले, बोटीवर गेले, हे आपण पाहिले आहे. त्यांच्या घामाचा पैसा योग्य जागी राहावा आणि वेळेला घरच्यांच्या उपयोगी पडावा, एवढ्यासाठी हा लेख.

सीमा कोणती?

एका पालकांनी विचारले होते, "सर, दोडामार्गच्या बँकेत खाते उघडले तर मी तिथे परराज्यातला, म्हणजे अनिवासी ठरतो का?" नाही. राज्याची सीमा बँकेच्या लेखी सीमाच नाही. गोव्यातला माणूस महाराष्ट्रातल्या कोणत्याही शाखेत साधे बचत खाते उघडू शकतो. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि पॅन दिला की झाले.

मात्र ही गोष्ट नेहमीच इतकी सोपी नव्हती. आपल्या आजोबांच्या काळी दोडामार्ग आणि पत्रादेवी ही खरोखरच दोन देशांची सीमा होती. अलीकडे पोर्तुगीजांची बांको नासियोनाल उल्त्रामारिनो ही बँक, तिच्या रुपियाच्या नोटा आणि १९५९ पासून एस्कुदो. पलीकडे भारताचा रुपया. मुंबईत नोकरी करणारा गोवेकर त्या अर्थाने परदेशीच राहत असे. १९५४-५५ साली भारत सरकारने गोव्यावर आर्थिक निर्बंध घातले, तेव्हा मुंबईहून घरी पैसे येण्याची वाट आखडली आणि कित्येक घरांच्या चुलीला त्याची झळ लागली. पुढे १९६१ च्या डिसेंबरात, मुक्तीच्या थोडे आधी, या बँकेत गोवेकरांनी तारण ठेवलेले सोन्याचे दागिने लिस्बनला नेण्यात आले. ते परत आले १९९१ साली. मंगळसूत्र तारण ठेवणारी बाई तोवर आजी झाली असेल, किंवा या जगात नसेलही. तीस वर्षांनी दावा सांगायचा तर हातात कागदच लागतो.

सांगायचे ते इतकेच, की पैसा सीमेपलीकडे गेला किंवा सीमेपलीकडून आला, की त्याची मालकी नुसत्या विश्वासावर चालत नाही. खाते कोणत्या प्रकारचे, कोणाच्या नावावर, सही कोणाची, हे सारे कागदावर स्पष्ट असावे लागते.

अनिवासी कोण आणि केव्हापासून?

पुष्कळांचा समज असा, की परदेशात सहा महिने काढले म्हणजे माणूस अनिवासी होतो. हा अर्धा समज आहे. आयकराचा कायदा दिवस मोजतो, हे खरे. पण बँक खात्यासाठी लागू होणारा कायदा वेगळा आहे. त्याचे नाव परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजेच फेमा. १९७३ च्या जुन्या फेरा कायद्याच्या जागी तो १ जून २००० पासून अमलात आला. या कायद्यानुसार जो भारतीय नोकरीसाठी, धंद्यासाठी किंवा अनिश्चित काळ राहण्याच्या इराद्याने देशाबाहेर जातो, तो देश सोडताच अनिवासी ठरतो.

उदाहरण घेऊ. एक मुलगा नोकरीचा व्हिसा घेऊन १० जूनला दुबईला गेला. फेमाच्या दृष्टीने तो १० जूनपासून अनिवासी झाला. आयकरासाठी मात्र त्या आर्थिक वर्षात तो भारतात किती दिवस होता याचा हिशेब वेगळा होईल. दोन कायदे, दोन मोजपट्ट्या. त्यांची गल्लत करू नये. पंधरा दिवस फिरायला किंवा भावाला भेटायला गेलेला माणूस अर्थातच अनिवासी होत नाही.

अनिवासी झाल्यावर जुने बचत खाते जसेच्या तसे चालवणे नियमात बसत नाही. बँकेला कळवून ते बदलून घेणे ही खातेदाराची जबाबदारी आहे. फेमाचा भंग झाल्यास गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत दंड होऊ शकतो, अशी कायद्यात तरतूद आहे.

तिकडचे खाते

परदेशात पोहोचल्यावर पहिला प्रश्न पगाराच्या खात्याचा. इथे एक गंमत ध्यानात घ्यावी. आपला मुलगा भारताच्या लेखी अनिवासी झाला, पण त्या देशाच्या लेखी तो अजून निवासी झालेला नसतो. तिथले राहण्याचे परवानापत्र हाती येईपर्यंत तो तिथेही पाहुणाच.

संयुक्त अरब अमिरातींचे उदाहरण पाहू. तिथे पगाराचे नेहमीचे खाते उघडायला पासपोर्ट, निवासी व्हिसा, एमिरेट्स आयडी हे ओळखपत्र आणि मालकाचे पगाराचे पत्र मागतात. ज्याच्याकडे निवासी व्हिसा नाही त्याला काही बँका अनिवासी म्हणून खाते देतात, पण ते सहसा बचत खाते असते, धनादेशपुस्तिका मिळत नाही आणि शिल्लक जास्त ठेवावी लागते. २००९ पासून तिथे वेतन संरक्षण पद्धत लागू आहे; मालकाने पगार बँकेतून किंवा मान्यताप्राप्त विनिमय केंद्रातूनच द्यायचा असतो. म्हणून कमी पगाराच्या कामगारालाही निदान पगाराचे कार्ड मिळते. पगार रोख देऊन कोऱ्या कागदावर सही घेणाऱ्या मालकापासून सावध राहावे.

म्हणून निघतानाच पासपोर्टच्या प्रती, नेमणूकपत्र, शिक्षणाचे दाखले, गावच्या पत्त्याचा पुरावा आणि फोटो यांचा एक संच मुलाकडे व एक घरी ठेवावा. आणि नोकरी संपवून परतताना तिथले कर्ज व क्रेडिट कार्ड फेडून, खाते बंद केल्याचा कागद घेऊनच विमानात बसावे. विसरलेले देणे वाढत जाते आणि पुन्हा त्या देशात पाऊल ठेवताना अडचण होऊ शकते.

इकडचे खाते: तीन प्रकार

आता घरच्या बाजूचे पाहू. अनिवासी भारतीयांसाठी आपल्या बँकांत मुख्यतः तीन प्रकारची खाती असतात.

पहिले एनआरओ. भारतातच निर्माण होणाऱ्या पैशासाठी हे खाते: घरभाडे, शेतीचे उत्पन्न, निवृत्तिवेतन, जुन्या ठेवींचे व्याज. परदेशी जाणाऱ्याचे जुने बचत खाते बदलून एनआरओ होते. यातील व्याजावर भारतात कर लागतो आणि बँक तो आधीच कापून घेते. यातून परदेशी पैसा नेता येतो, पण एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत आणि कराचे कागद पूर्ण करून.

दुसरे एनआरई. हे खाते १९७० पासून आहे. परदेशात मिळवून भारतात पाठवलेल्या पैशासाठी ते असते. खाते रुपयांतच चालते, पण मुद्दल आणि व्याज केव्हाही परदेशी परत नेता येते, आणि खातेदार अनिवासी असेपर्यंत व्याजावर भारतात आयकर नाही. या खात्यात गावचे घरभाडे भरता येत नाही; तो पैसा एनआरओतच जायला हवा. एनआरई मुदत ठेव किमान एक वर्षाची असते. वर्षाच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही.

तिसरे एफसीएनआर. ही एक ते पाच वर्षांची मुदत ठेव असून डॉलर, पौंड अशा परकीय चलनातच राहते. रुपया घसरला किंवा वधारला, तरी ठेवीदाराला त्याची झळ नाही. यावरील व्याजही अनिवासी काळात करमुक्त असते.

साध्या हिशेबाने फरक पाहा. विद्यार्थ्यांनी वही काढून गणित पडताळावे. पाच लाख रुपयांची ठेव, व्याजाचा दर हिशेबापुरता ७ टक्के धरू. वर्षाचे व्याज ३५,००० रुपये. ठेव एनआरई असेल तर पूर्ण ३५,००० हाती येतील. तीच ठेव एनआरओ असेल तर ३० टक्के दराने १०,५०० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर ४२० रुपये, असे १०,९२० रुपये कापले जातील. हाती येतील २४,०८०. भारतातील एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागता येतो, पण त्यासाठी धावपळ आलीच.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलाचे हेच झाले. पैसा परदेशी मिळवलेला, पण पडला जुन्या बचत खात्यात. ते खाते एनआरओ झाले आणि चार वर्षांची बचत त्या रांगेत गेली. पहिल्या महिन्यातच एनआरई खाते उघडले असते तर हा सारा खटाटोप टळला असता.

ही खाती उघडायला पासपोर्ट, व्हिसा किंवा निवासी परवाना, परदेशातील व भारतातील पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो लागतात. बोटीवर काम करणाऱ्यांकडे सीडीसी पुस्तिका व कराराची प्रत मागतात. मुलगा परदेशात असेल तर प्रती तिथल्या भारतीय वकिलातीकडून, नोटरीकडून किंवा बँकेच्या अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून पाठवता येतात. शाळेचा शिक्का त्यासाठी चालत नाही, हे नम्रपणे सांगतो. वर्षाला चार-पाच पालक त्यासाठी येतात. सर्वांत सोपे म्हणजे व्हिसा हाती आल्यावर, निघण्याआधीच बँकेत चौकशी करून अर्ज तयार ठेवणे.

घरी सही कोणाची?

आईवडिलांच्या दृष्टीने खरा प्रश्न हाच. मुलगा दूर, पैसे इथे. अचानक दवाखान्याचा खर्च आला तर काढणार कोण?

यावर दोन वाटा आहेत. पहिली, खात्यात जवळच्या नातेवाइकाचे नाव जोडणे. आई, वडील, पत्नी किंवा पती, मुलगा, मुलगी, सून, जावई, भाऊ, बहीण यांपैकी भारतात राहणाऱ्याचे नाव एनआरई खात्याला जोडता येते. मात्र त्याचा अर्थ असा, की पहिला खातेदार असेपर्यंत खाते त्याचेच. दुसऱ्याचा हक्क त्याच्या पश्चात. तोवर दुसऱ्याला व्यवहार करायचे ते मुखत्यार म्हणून.

दुसरी वाट मुखत्यारपत्राची. त्याने घरचा माणूस खात्यातून इथली देणी देऊ शकतो. परंतु मुखत्याराला खातेदाराच्या वतीने कोणाला भेट देता येत नाही, किंवा खातेदाराशिवाय अन्य कोणाला परदेशी पैसे पाठवता येत नाहीत. मुखत्यारपत्र परदेशात केले तर भारतीय वकिलातीत सही करून घ्यावी आणि ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे.

या दोहोंहून निराळी गोष्ट म्हणजे वारसनोंद. ती एका सहीचे काम आहे आणि तरीही सर्वांत जास्त विसरली जाते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी चारपर्यंत व्यक्तींची नोंद करता येते. नव्याने लग्न झालेल्या मुलाने आधीची नोंद पुन्हा पाहावी. नोंदलेली व्यक्ती बँकेतून रक्कम स्वीकारते; कायदेशीर वाटणीचा प्रश्न त्याने संपत नाही, पण दुःखाच्या दिवसांत घरच्यांचे हेलपाटे नक्की वाचतात.

दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते. दहा वर्षे कोणी विचारले नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग होते. ती बुडत नाही, वारसांना मागता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या उद्गम या संकेतस्थळावर अशा ठेवींचा शोध घेता येतो. आपल्या घरातील कोणी वडीलधारे पूर्वी परदेशी असतील तर मुलांनी त्यांच्याजवळ बसून जरूर शोधावे.

शिकायला जाणारे आणि नागरिकत्व बदलणारे

शिक्षणासाठी परदेशी जाणारे विद्यार्थीही फेमाखाली अनिवासी धरले जातात. २००३ साली रिझर्व्ह बँकेने तसे स्पष्ट केले आहे. जर्मनीला जाणाऱ्याला तर घर सोडण्याआधीच तिकडे खाते लागते. त्यात सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो भरलेले दाखवावे लागतात, आणि तिथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो एवढेच काढता येतात. मुलाचा खर्च चालेल याची ती हमी आहे. पालक हा पैसा रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली पाठवू शकतात. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला तिच्याखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते.

आपल्याकडे आणखी एक प्रकार दिसतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज पोर्तुगीज नागरिकत्व घेतात आणि युरोपात किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक होतात. तो निर्णय ज्याचा त्याचा. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशी नागरिक झालेल्याने भारतीय पासपोर्टवर उघडलेले खाते तसेच चालू ठेवू नये. ओसीआय कार्ड काढून, नव्या पासपोर्टची नोंद बँकेत करून, एनआरई किंवा एनआरओ खाते रीतसर चालवता येते.

काही पथ्ये

हुंडीने पैसे पाठवू नयेत. दर चार पैसे बरा मिळतो, पण पावती नसते, आणि पावती नसलेला पैसा अडला तर दाद कोणाकडे मागणार? दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यातून फिरवू देऊ नयेत. "खाते दे, महिन्याला हजार रुपये देतो" असे म्हणणारा मित्र नसतो. ही सूचना विशेषकरून अकरावी-बारावीच्या मुलांसाठी. एटीएमचा पिन आणि ओटीपी गावी पाठवून घरच्यांकरवी खाते चालवू नये. त्यासाठीच मुखत्यारपत्र आहे. जानेवारी २०२३ पासून अमिराती, कतार, ओमान, सौदी अरेबिया, इंग्लंड अशा दहा देशांतील मोबाइल क्रमांकांवरून एनआरई-एनआरओ खात्याला यूपीआय जोडण्याची परवानगी आहे, तेव्हा मुलगा स्वतःच घरचे वीजबिल भरू शकतो.

ठेवींवरील विम्याची मर्यादाही ध्यानात असू द्यावी. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ते भारतातील ठेवींना आहे. आपल्याच बँकेच्या परदेशातील शाखेत ठेवलेल्या पैशाला नाही.

आणि मुलगा कायमचा परत आला की पुन्हा बँकेत जावे. अनिवासी खाते निवासी करून घ्यावे. परकीय चलन तसेच ठेवायचे असेल तर परतलेल्यांसाठी आरएफसी नावाचे खाते आहे. परदेशातील खात्यात काही शिल्लक ठेवली असेल, तर निवासी झाल्यावर आयकर विवरणपत्रात ती दाखवायची असते.

त्या माजी विद्यार्थ्याच्या बहिणीचे लग्न मामाकडून उसने घेऊन पार पडले. मुलगा रजेवर आला तेव्हा वडिलांना घेऊन बँकेत गेला. आता पगार एनआरईत येतो, जुने खाते एनआरओ झाले आहे, वडील मुखत्यार आहेत आणि आईचे नाव वारस म्हणून नोंदले आहे. सारे काम एका सकाळी झाले. चार वर्षांपूर्वीही एवढाच वेळ लागला असता.

या वर्षीपासून नववी-दहावीच्या व्यवहारगणिताच्या तासाला हा हिशेब घ्यावा, असे शिक्षकांना सांगितले आहे. विश्वस्त मंडळींनीही त्यास संमती द्यावी, ही विनंती. मुले जिथे जातील तिथे यशस्वी होवोत. फक्त निघण्यापूर्वी देवी लईराईच्या पाया पडून झाले, की एकदा बँकेचीही पायरी चढावी.

आपला,
मुख्याध्यापक